गोमतीच्या शिंपलीचे उजवे झाकण

मी, भागिरथा देवमन पडघान, वय सत्तावन्न, धर्म बौद्ध, धंदा पेन्शनर, राहणार शेलूबाजार, तालुका मंगरूळपीर, जिल्हा अकोला, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी, २३ तारखेला, मला पोटाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला दाखल व्हायचे आहे. गाठ मोठी आहे एवढे डॉक्टरांनी सांगितले. पुढचे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण अक्षर लागते. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. एका माणसाने विनंती केली आहे आणि ती जबरदस्तीहून जड आहे. तिच्याविषयी कलम सहामध्ये लिहीन. खरे म्हणजे त्या एका कलमासाठीच मी बसले आहे, कारण बुधवारी पाहुणे येणार आहेत. बाकीची कलमे सोपी म्हणून आधी उरकते.

कलम १. बाजाराच्या रस्त्यामागचे माझे दोन खोल्यांचे टिनाचे घर, मागच्या न्हाणीसकट, माझी भावजय रुख्मिणी ग्यानबा पडघान हिला द्यावे. घर तिच्याच नावावर चढवावे. ग्यानबा माझा धाकटा भाऊ. माणूस वाईट नाही, पण कोणीही सही मागितली की करून देतो. गेल्या तीन महिन्यांत माझ्या पोटावर एरंडाचे पान गरम करून बांधणारी रुख्मिणी आहे. ग्यानबाने तिच्या घरात सुखाने राहावे.

कलम २. पोस्टातले पुस्तक, तांब्या-पितळेची भांडी, माझ्या चार सुती साड्या आणि पांढरी साडी रुख्मिणीलाच. पांढरी साडी छप्पन साली नागपूरला दीक्षेच्या वेळी नेसले होते. ती तिने वापरावी, नुसती जपून ठेवू नये.

याच कलमात ग्यानबाचा एक गुन्हा लिहून ठेवते आणि माफही करते. कोकणातली नोकरी संपवून परत येताना मी एक डबा वाळू आणली होती. मी पेन्शनच्या कामाला अकोल्याला गेले असताना त्याने ती अंगणात चिखल झाला होता तिथे पसरली. मी आले, पाहिले आणि खाली बसले.

"बाई, वाळूच होती न?" तो म्हणाला.

"वाळूच होती."

"मंग रडून काहून राह्यली?"

त्याला काय सांगणार? त्या डब्यात पंधरा ठिकाणची वाळू पंधरा पुडक्यांत होती. आता ती एकाच अंगणात आहे. ग्यानबा, तुला माफ केले. पण दुसऱ्याचा डबा उघडण्याआधी विचारत जा.

कलम ३. माझ्या देहापाशी त्रिशरण-पंचशील म्हणावे. जास्त भाषणे नकोत. मी अर्धे आयुष्य भाषणे करणाऱ्या साहेबांच्या मागे वही धरून उभी राहिले आहे.

कलम ४. पितळेच्या अकरा चाळण्या, चिमटे, कुंचले व काचेच्या रिकाम्या नळ्या मंगरूळपीरच्या शाळेला द्याव्यात. माझे हातभिंग मात्र डॉ. दौलतराव यांना द्यावे. ते आज आमच्या जुन्या, समुद्री जीवांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख आहेत. सत्तर साली एका बैठकीत एका शिंपलीच्या नावाविषयी मी तोंड उघडले, तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पडघानबाई, चाळणी तुमची, नावे आमची." सगळे हसले. मीही हसले, कारण तेव्हा नोकरी करायची होती. भिंग दहापट मोठे दाखवते. त्यांनी ते रोज वापरावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कलम ५. आता पेटी.

माझ्या कपाटात खालच्या फळीवर सागवानी पेटी आहे. तिच्यात कोकण किनाऱ्यावरच्या लहान शिंपल्यांचे नमुने आहेत. सर्वांत मोठा नमुना बोटाच्या नखाएवढा, सर्वांत लहान ज्वारीच्या दाण्याहून बारीक. प्रत्येक नळीत माझ्या हातची चिठ्ठी आहे: जागा, तारीख, कोणी आणले, कोणी ओळखले. माझे वडील नागपूरला एका कॉन्व्हेंटमध्ये माळी होते. तिथल्या सिस्टरांनी मला वर्गात बसू दिले आणि माझे नाव बदलून बर्था केले. त्यांतल्या सिस्टर फिलोमिनांनी मला बारीक अक्षर शिकवले. टिचभर कागदावर सहा ओळी, आणि कुठे खाडाखोड नाही. त्या अक्षरामुळेच मला चव्वेचाळीस साली कोकणातल्या त्या प्रयोगशाळेत घेतले.

घेतले ते डॉ. माणिकराव देशमुख यांनी. ते आमच्याच बाजूचे, कारंजा लाडचे. त्या समुद्रकाठच्या गावात वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघेच. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेतल्या माठाला मी हात लावल्यावर शिपायाने माठ बाहेर नेऊन ठेवला. सर बाहेर गेले. मला म्हणाले, "भागिरथा, मले पाणी दे." मी दिले. सगळ्यांदेखत प्याले, पेला माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "आता माठ आत आना. उन्हानं तापून राह्यला." त्यानंतर कोणी काही बोलले नाही. हे मी इथे अशासाठी लिहिते की पुढचे वाचणाऱ्याने हे आधी वाचलेले असावे.

गावात मला खोली मात्र मिळेना. आडनाव विचारायचे आणि खोली कालच दिली म्हणायचे. शेवटी गोमतीबाईने दिली. ती मासे विकायची, नवरा होडीसकट समुद्रात बुडालेला. तिने आडनाव विचारले नाही. मासे साफ करता येतात का, एवढे विचारले. मी नाही म्हटले. ती म्हणाली, "मगे शीक. भाड्याचा मागसून बगू." मी तिच्याकडे अठरा वर्षे राहिले, ती गेली तोपर्यंत.

गोमतीबाई मला वाळू आणून द्यायची. समुद्र दोन दिवस खवळून शांत झाला की वाहून आलेल्या शेवाळाच्या रेषेखाली हलक्या, बारीक शिंपल्या जमतात, हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवले नव्हते. ती पहाटे ओहोटीला जाऊन टोपलीभर आणायची आणि माझ्या टेबलाशी ठेवून म्हणायची, "चाळ गे, तुझा सोना."

एकोणपन्नास सालच्या सप्टेंबरात तिच्या टोपलीतून मला एक शिंपली मिळाली. अडीच मिलिमीटर, फिकट गुलाबी, दोन्ही झाकणे मिटलेली. अशी कोणी पाहिलेली नव्हती. सरांनी तीन महिने पुस्तके चाळली, परदेशात पत्रे पाठवली आणि शेवटी म्हणाले, "नवीन आहे. तुह्यं नाव देतो इले."

नवा प्राणी सापडला की त्याचे वर्णन लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव त्याला द्यायचे नाही, हा या कामातला रिवाज. दुसऱ्याचे द्यायचे. वर्णन करणाऱ्यांची आडनावे त्या नावाच्या मागे लागतात. सरांनी लेखावर माझेही आडनाव घेतले होते, त्यामुळे माझे नाव देता येईना. मी म्हटले, "सर, गोमतीबाईचं द्या. वाळू तिची."

एक्कावन्न साली लेख छापून आला. शिंपलीचे नाव गोमतीए, मागे देशमुख आणि पडघान. मी तो कागद गोमतीबाईला दाखवला. तिला वाचता येत नव्हते. तिने नावावर बोट ठेवायला सांगितले, मग स्वतःचे बोट ठेवले.

"अगे बाय माजे! म्हंजे आता माका कालवणात घालतले!"

ती इतकी हसली की शेजारच्या बायका आल्या. मग आत जाऊन तिने साखर आणली आणि सगळ्यांच्या हातावर ठेवली.

गोमतीबाईचे घर दिराच्या नावावर होते. बुडाली ती होडी नवऱ्याच्या नावावर होती. मतदारांच्या यादीत ती अमक्याची बायको होती. बासष्ट साली ती गेली तेव्हा मृत्यूच्या नोंदीत दिराने तेच सांगितले आणि कारकुनाने तेच लिहिले. मी उभी होते. मी म्हटले, यांचे नाव गोमती. कारकून म्हणाला, बाई, रकाना भरला. तिचे नाव छापलेले असे जगात एकाच ठिकाणी आहे.

या पेटीतले सर्व नमुने प्रयोगशाळेची मालमत्ता आहेत. एकाहत्तर साली प्रयोगशाळा दुसऱ्या गावी हलली, तेव्हा पेट्या पावसात पडल्या होत्या. सर तेव्हा निवृत्त होते. त्यांनी कळवले, गोमतीची पेटी तू उचल. मी उचलली. पावती केली नाही, ही चूक. ती पेटी बुधवारी, २२ तारखेला, दौलतराव घ्यायला येत आहेत. त्यांना द्यावी. याबद्दल वाद नाही.

कलम ६. वाद आहे तो एका काचेच्या नळीबद्दल. ती पेटीत नाही, माझ्याजवळ आहे.

कोणत्याही शिंपलीला दोन झाकणे असतात, डावे आणि उजवे. मागे बिजागरी असते. बिजागरीला बारीक दात असतात, आणि एका झाकणाचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसतात. प्राणी मेला, बंध कुजला की झाकणे वेगळी होतात. किनाऱ्यावर मिळतात ती बहुतेक अशी सुटी झाकणे. म्हणून मिटलेली जोडी मिळणे मोठे. त्या दिवशी मी ती मिटलेली शिंपली वाळू निघावी म्हणून पाण्याच्या वाटीत टाकली. बंध कुजकाच होता, झाकणे सुटली. वाटीत आधीपासून दुसरी सुटी झाकणे होती. डावे मी नळीत घातले. उजवे कुंचल्यावरून निसटले. मी लगेच उचलले. मला वाटले, तेच उचलले.

मी दुसरेच उचलले होते. ते एका अगदी सामान्य शिंपलीचे होते, जी टोपल्याच्या टोपल्या त्या किनाऱ्यावर पडलेली असते. बाहेरून रंग आणि आकार तोच, माप तेच.

सरांनी ती दोन झाकणे जुळवली तेव्हा ती मागच्या बाजूने नीट मिटेनात. केसाएवढी फट राही. सरांना वाटले, हेच या शिंपलीचे वैशिष्ट्य. त्यांनी त्या फटीवर चार पाने लिहिली: ही शिंपली का मिटत नाही, फटीतून काय बाहेर काढत असेल, कोणाच्या बिळात राहत असेल. ती चार पाने फार सुंदर आहेत. मीच ती टाइप केली होती. त्यांवर सरांना बावन्न साली सुवर्णपदक मिळाले.

त्रेपन्न साली मी जुन्या तारखांचा उरलेला माल पुन्हा चाळायला घेतला. हे आमचे नेहमीचे काम. पहिल्या चाळणीत डोळ्यांतून सुटलेले दुसऱ्यांदा सापडते. एकोणपन्नासच्या त्या तारखेच्या नळीत एक उजवे झाकण निघाले. गुलाबी. मी मूळ नमुन्याचे डावे झाकण काढले आणि भिंगाखाली दोन्ही जुळवली. ती मिटली. फट नाही. दात खाचांत बसले. आणि दोन्हींच्या काठावर, वाढीच्या एकाच रेषेवर, एकच बारीक खाच होती. जिवंतपणी कधीतरी लागलेली. ही खाच दोन वेगळ्या शिंपल्यांवर अशी येत नाही.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. सरांनी भिंगातून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "पुढच्या लेखात दुरुस्त करू."

पुढचा लेख आला नाही. मी तीन वेळा आठवण केली. चौथ्यांदा केली नाही, आणि तेव्हापासून ही गोष्ट माझीही झाली.

आता दौलतरावांनी रजिस्टर पत्र पाठवले आहे. त्यांनी छापील चित्रावरूनच ओळखले की उजवे झाकण सामान्य शिंपलीचे आहे. डावे त्याच जातीचे वेडेवाकडे वाढलेले असावे असे त्यांना वाटते. म्हणून ही जात नवी नाहीच, गोमतीए हे नाव रद्द, असा लेख ते पुढच्या महिन्यात छापायला देत आहेत. या कामात असे आहे, की मूळ नमुन्यात दोन जातींची सरमिसळ निघाली तर नाव कोणत्या झाकणाचे हे जो आधी छापून सांगेल त्याचे धरतात. दौलतराव उजव्याचे म्हणाले की संपले. डावे खरोखर नवे आहे हे दाखवणारी एकच वस्तू आहे, आणि ती माझ्या नळीत आहे.

नळी दिली तर गोमतीचे नाव राहते. नळी दिली तर न मिटणारी शिंपली जगात कधी नव्हतीच, हेही सर्वांना कळते.

म्हणून गुरुवारी, १६ तारखेला, मी एसटीने कारंजाला सरांकडे गेले. सर आता शहात्तर वर्षांचे आहेत. मोतीबिंदू पिकले आहेत, हात हलतो. सून बेबीताई त्यांचे सगळे करते. आवाजावरून त्यांनी मला ओळखले.

"भागिरथा का? काहून आली गं, पोटात गाठ घेऊन येष्टीनं?"

"दौलतराव बुधवारी येऊन राह्यले, सर."

"येऊ दे. पेटी दे अन् मोकळी हो."

"अन् उजवं झाकण?"

मग म्हणाले, "ते अजून ठेवलं का तू?"

"हाव."

"मले वाटलं, फेकलं असशील."

"तुमी फेक म्हनलं नव्हतं. पुढच्या लेखात दुरुस्त करू म्हनलं होतं."

"बावीस वर्सं झाले न त्याले."

"मले माईत आहे, सर."

"तू मले टोचाले आली का?" सर हसले, पण लगेच थांबले. "पाय भागिरथा. पदक पोरानं कुठं ठेवलं मले माईत नाही. पुस्तकं वाचता येत नाहीत. पन कालेजातले पोरं अजून येतात. ती न मिटनारी शिंपली तुमीच शोधली न सर, म्हन्तात. मी सांगतो त्यायले. तासभर सांगतो. तेवढंच राह्यलं आता माह्याजवळ."

मी पिशवीतून नळी काढली.

"मी मेल्यावर सांग. लय दिवस लागनार नाहीत."

"अन् मी आधी गेली तं?"

"तू कायले जातं? तू तं वर गेली तरी चाळणी मागशील."

मग त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. एकदा पाहू दे."

दिसत नसताना काय पाहणार, असे मी म्हणू शकले असते. मी नळीचे बूच काढले आणि झाकण त्यांच्या तळहातावर ठेवले. हात हलत होता. झाकण रेषेरेषेने सरकत होते. त्यांनी हात तोंडाजवळ नेला. कदाचित डोळ्यांजवळ न्यायचा असेल. एक फुंकर पुरली असती. फरशीच्या फटीत गेले असते आणि मी पुन्हा कधी शोधू शकले नसते. तेवढ्यात बेबीताई चहा घेऊन आली, दार ढकलले गेले, वारा आला, आणि सरांनी मूठ मिटली.

"सर, मूठ उघडा."

"नाही उघडली तं?"

बेबीताई कप धरून उभी राहिली. तिला वाटले मामंजी थट्टा करताहेत. मला माहीत होते की थट्टा नाही. ते झाकण इतके पातळ आहे की त्यातून दिव्याचा उजेड दिसतो. त्या मुठीत एका बोटाने जरा जोर केला असता तर पीठ झाले असते, आणि हात हलतो म्हणून झाले असे कोणीही म्हटले असते. मीसुद्धा म्हटले असते.

"सर," मी म्हटले, "टोपली गोमतीबाईनं आनली होती."

सरांनी मूठ उघडली. मी बोटाचे टोक ओले करून झाकण उचलले. शाबूत होते.

"बूच घट्ट लाव," सर म्हणाले. आणि मी उठले तेव्हा: "मले जाऊ दे भागिरथा. मंग सांग. एवढं कर."

मी म्हटले, "लिहून ठेवते." वचन दिले नाही. पण ज्याने माझ्या हातचे पाणी मागून घेतले त्याला मी नाही म्हणू शकले नाही.

त्याप्रमाणे लिहिते: माझा व डॉ. माणिकराव देशमुख यांचा, अशा आम्हा दोघांच्या मृत्यूनंतर ही काचेची नळी, आतील उजव्या झाकणासह, कलम सातमधील गफ्फारभाई यांनी डॉ. दौलतराव यांच्याकडे सुपूर्द करावी, आणि सोबत माझा कबुलीचा कागद द्यावा.

कलम ७. मृत्युपत्राची अंमलबजावणी गफ्फारभाई शिलाईवाले यांनी करावी. ते माझे शेजारी. वाळू गाळायच्या माझ्या सगळ्या कापडी पिशव्या त्यांनी शिवल्या आणि कधी विचारले नाही की कशाला. या कागदात त्यांना काही मिळत नाही, म्हणून साक्षीदारही तेच. दुसरे साक्षीदार हरिसिंग, आमचे पोस्टमन, मूळ मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे.

येथपर्यंत मी सकाळी लिहिले. आता दुपारचे तीन वाजले आहेत. साक्षीदार आले. साक्षीदारांनी मजकूर वाचायलाच हवा असे नाही, पण मी वाचून दाखवला, कारण मला तो दुसऱ्या कोणाच्या कानांनी ऐकायचा होता. पुढचे त्यानंतरचे आहे.

कलम सहा झाल्यावर गफ्फारभाईंनी नळी उजेडात धरली.

"बाई, हे तं कनीएवढं आहे. याच्यापायी तुमी चार दिवस झाले जेवून नाही राह्यल्या?"

"हो."

"म्हंजे कसं झालं, सदऱ्याले उजवी बाही दुसऱ्याच सदऱ्याची लागली. खांद्यावर बसेना. अन् साहेबानं म्हनलं, वा, नवी फॅशन आहे."

हरिसिंग हसले. मलाही हसू आले. चार दिवसांत पहिल्यांदा.

"अन् आता दुसरा साहेब म्हन्ते, हा सदराच नाही. जाळून टाका. बरोबर?"

"बरोबर."

"अन् खरी बाही तुमच्या हातात आहे."

"हो, गफ्फारभाई."

"मंग मेल्यावर देऊन काय फायदा? तवरिक तो सदरा जाळून मोकळा होईन न."

मी म्हटले, सरांचे फार दिवस नाहीत, आणि माझेही कदाचित नाहीत. आता हरिसिंग पुढे सरकले. त्यांनी विचारले, "लेख कधी जाते छापाले?"

"पुढच्या महिन्यात."

"बाई, पोस्टात पडलेलं वापस येत नाही. तुमी लिहिलं दोघं मेल्यावर. आता महिन्याभरात तुमी दोघंबी मराल, असं धरून चालू का आमी?"

असे तोंडावर मला कोणी विचारले नव्हते. मी कलम सहा पुन्हा वाचले. मी लिहिले होते ते सरांच्या विनंतीप्रमाणे अगदी बरोबर होते. फक्त त्याने गोमतीबाईचे नाव जात होते, आणि ते जाईल हे लिहितानाच मला ठाऊक होते. बिजागरीचे दात मी तीस वर्षे मोजले आहेत. पुढचा महिना कधी येतो हे मला कळत नव्हते असे नाही. मी दोघांनाही हो म्हणाले होते, आणि दोघांपैकी एकीला आता बोलता येत नाही, म्हणून तिचे जाऊ दिले होते.

गफ्फारभाई म्हणाले, "साहेब रडतीन का?"

"रडतील."

"तुमच्यासंगं बोलतीन का पुन्हा?"

"माहीत नाही."

"मंग तुमचं तुमी पाहा, बाई. आमी सही कराले आलो."

मी एक पोस्टकार्ड लिहिले. त्यात इतकेच आहे: "सर, दौलतराव बुधवारी दुपारी शेलूबाजारला येतील. बेबीताईला घेऊन तुम्हीही या. भाड्याची जीप पाठवते. नळी मी त्यांच्या हातात देणार आहे. झाकण माझ्या हातून बदलले, हे मी माझ्या सहीने लिहून देईन. तुम्हाला ते कधी कळले हे मी त्या कागदात लिहिणार नाही. ते तुम्ही सांगावे. न मिटणारी शिंपली गेली तरी मिटणारी तुम्हीच ओळखली आहे, नवी म्हणून, पहिल्यांदा. पोरांना तासभर सांगण्यासारखे त्यातही पुष्कळ आहे. आपली, भागिरथा." हरिसिंग म्हणाले, पेटीत टाकत नाही, संध्याकाळच्या कारंजा गाडीच्या कंडक्टरजवळ हातोहात देतो.

तरी नोंद करते, की कलम सहामधील "माझा व डॉ. माणिकराव देशमुख यांचा" येथपासून "कबुलीचा कागद द्यावा" येथपर्यंतचा मजकूर मी स्वतः, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष, एका रेघेने खोडला आहे. खालचे अक्षर वाचता येईल असे खोडले आहे, म्हणजे मी काय करणार होते तेही राहील. समासात माझी सही आहे. खोडलेल्या जागी दुसरे काही लिहिलेले नाही, आणि कोणी लिहू नये. ते काम माझ्या मागे राहिलेल्यांचे नाही. बुधवारपर्यंत मला चार पावले चालता येते आणि एक नळी हातात धरता येते.

बाकी सर्व कलमे कायम.

हे मृत्युपत्र मी वाचून, वाचून दाखवून आणि एका जागी खोडून, शुद्धीवर असताना सही केले.

सही: भागिरथा देवमन पडघान

आमच्यासमोर बाईंनी खोडले व सही केली. आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या:

१. गफ्फार, शिलाईवाले, शेलूबाजार (सही उर्दूत)
२. हरिसिंग, पोस्टमन, शेलूबाजार

ठिकाण: शेलूबाजार, तालुका मंगरूळपीर, जिल्हा अकोला
रविवार, तारीख १९ जानेवारी १९७५